थांबा सर

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या त्या सरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. सगळी शाळा त्यांना ‘थांबा सर’ म्हणायची. शिपाईसुद्धा. सरांच्या कानावर ते आलं होतं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. सव्वीस वर्षांत याहून वाईट नावं त्यांनी पचवली होती.

हे नाव पडलं ते वर्गात पडदा आल्यावर. इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवून शिकवायचं ठरलं, तेव्हा जुनी शिक्षक मंडळी कुरकुरली. सर मात्र हरखले. त्यांची चित्रकला यथातथाच. फळ्यावर हृदय काढलं की पहिल्या बाकावरून हमखास कुजबुज यायची, “बटाटा!” आता पडद्यावर धडधडणारं हृदय येणार, म्हणजे आपण सुटलो, असं त्यांना वाटलं.

पण त्यांना एक खोड होती. चालता व्हिडिओ त्यांना चालू ठेववत नसे. दोन मिनिटं झाली की सुटलेल्या बसमागे धावताना ओरडावं तसे ते “थांबा!” म्हणत, कळ दाबत आणि वर्गाकडे वळत. “आता पुढे काय होईल? सांगा.” मग कोणी काही सांगे, दुसरा ते खोडून काढी, तिसऱ्याला भलतंच काही सुचे, आणि व्हिडिओ आपला तास संपेपर्यंत तिष्ठत राही. पुढे पुढे तर सरांचा हात कळीकडे गेला की अख्खा वर्गच ओरडे, “थांबाऽऽ!”

काही पालकांना मात्र ही गंमत रुचली नाही. शेजारच्या तुकडीत व्हिडिओ संपून गृहपाठही झाला आणि आमच्या मुलांचा अजून अर्धाच, अशी तक्रार मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. बाई सरांहून दहा वर्षांनी लहान आणि बोलायला सरळ.

“सर, पंधरा मिनिटांचा व्हिडिओ तुम्ही तीन दिवस पुरवता म्हणे?”

“चार. मध्ये रविवार होता.”

बाई हसल्या नाहीत. “गुरुवारी मी मागे येऊन बसते. वर्ग नीट चालला तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढच्या सत्रापासून आठवी नव्या मॅडमना देऊ. तुमची दोनच वर्षं राहिलीत, वाचनालय सांभाळा. निवांत जागा आहे.”

निवांत जागा. जिना उतरताना सरांच्या मनात तेच शब्द घोळत राहिले. पुस्तकं त्यांना आवडत. पण पुस्तकं कधी हात वर करून “सर, पण असं का?” म्हणत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी फोन, मनगटी घड्याळ आणि टाचणाची वही घेऊन बसले. उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते या वहीत लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय. समोर बायको नातीसाठी स्वेटर विणत होती. तिच्याही फोनवर व्हिडिओ होता. एक बाई त्यात सुया चालवत होती, पण मुकाट्याने.

“आवाज बंद का केलास?”

“फार बोलते हो ती. ऐकत बसलं की माझे टाके चुकतात. हात बघितले की कळतं सगळं.” तिने वहीकडे मान वळवली. “तुमचं काय चाललंय?”

“उद्या अंदाजपंचे काही करायचं नाही. कुठे थांबायचं, ते सेकंदासकट लिहून ठेवतोय.”

“इतकी वर्षं कुठे लिहिलं होतं?”

“इतकी वर्षं मागे कोण बसलं होतं?”

सरांनी फक्त दोन थांबे ठरवले. पहिला दोन मिनिटांनी. दुसरा तिथून बरोब्बर पाच मिनिटांनी, हृदयातल्या झडपा दिसायच्या जरा आधी. तिथे विचारायचं, ‘पुढे ढकललेलं रक्त मागे का येत नाही?’ मधेच साबणाची जाहिरात लागली. पाठोपाठ गाद्यांची. सर तेवढ्या वेळात तो प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहीत बसले. घड्याळ आपलं चालू राहिलं.

गुरुवारी बाई मागच्या बाकाजवळ खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची मुलगी होती. वर्षभरात ‘हजर’ यापलीकडे तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. व्हिडिओ कचेरीने आधीच उतरवून ठेवला होता, म्हणजे त्यात जाहिराती नव्हत्या. हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पहिला थांबा झकास झाला. मग सरांनी घड्याळावर जी नजर रोवली ती हलवलीच नाही. एरवी ते कानाने थांबत. आज कान घरी ठेवून आल्यासारखे उभे होते. पाच मिनिटं भरली.

“थांबा! आता सांगा, पुढे ढकललेलं रक्त मागे का येत नाही?”

“झडपांमुळेऽऽ!” सगळा वर्ग एका सुरात.

सरांनी चमकून पडद्याकडे पाहिलं. काल घरी मोजलेल्या पाच मिनिटांत जाहिरातीही धरल्या गेल्या होत्या; इथे झडपा येऊन गेल्या होत्या. उत्तर देऊन व्हिडिओ केव्हाच पुढे सरकला होता. मागे बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपलं. चांगलंच असणार.

इथे गप्प बसायला काही हरकत नव्हती. वर्गाने उत्तर दिलं होतं, बाई खूश होत्या, आठवी हातात होती. सरांनी कळीवर बोट ठेवलंही. पण त्यांना राहवलं नाही.

“झडप म्हणजे काय रे?”

“रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने राखणारी रचना!” पहिल्या बाकावरून टपकन उत्तर आलं. व्हिडिओतलं वाक्य, जसंच्या तसं.

“म्हणजे काय?”

पहिला बाक एकमेकांकडे बघू लागला. बाईंची पेन्सिल थांबली. आता ओढवून घेतलंच होतं, तर निस्तरायला हवं होतं. तेवढ्यात त्यांना टेबलावरच्या त्या मुक्या सुया आठवल्या.

त्यांनी व्हिडिओ दोन मिनिटं मागे नेला आणि आवाज बंद केला. “आता हा मुका झाला. बोलायचं तुम्ही. जे दिसतं तेच सांगायचं, ऐकलेलं नको.”

चित्र सुरू झालं. हृदय आवळलं, सैल झालं. “रक्त आत आलं,” कोणीतरी म्हणालं. “खाली गेलं.” “आता वर चाललंय.” मग सगळेच अडले. पडद्यावर तीन पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या.

“पाणी मागे यायला बघतं ना,” मागून बारीक आवाज आला, “तेच तिला ढकलून बंद करतं.”

सगळ्या माना मागे वळल्या. मिस्त्रीची मुलगी उभी होती. बाईसुद्धा तिच्याकडे बघत होत्या.

“पाणी?” पहिला बाक खिदळला.

“हसू नका. बोल गं तू.”

“आमच्याकडे पंपाच्या पाइपातही अशी झडप असते. बंद करायला कोणी लागत नाही. मागे येणारं पाणीच तिला मिटवतं. रक्ताचंही तसंच दिसतंय.” ती जरा थांबली. “त्यात कचरा अडकला की गळतं. माणसाचं पण गळतं का, सर?”

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. व्हिडिओ आठ मिनिटांपलीकडे गेलाच नव्हता.

बाई दारापाशी थांबल्या. “अर्धाच झाला, सर.”

“हो, बाई.”

“उरलेला?”

“उद्या. तिच्या प्रश्नातून वेळ उरला तर.”

“आणि पालकांना मी काय सांगू?” सर तोंड उघडणार तोच बाई पुढे म्हणाल्या, “जाऊ द्या, बघते मी. वाचनालयाची किल्ली मात्र माझ्याकडेच राहू दे.” आणि त्या निघाल्या. चार पावलं जाऊन परत वळल्या. “गळतं का हो खरंच?”

“गळतं, बाई.”

घरी सरांनी सगळं सांगितलं, घड्याळाने कसा दगा दिला तेही. बायकोने सुया खाली ठेवल्या.

“घड्याळ कशाला लागतं? व्हिडिओच्या खाली आकडे असतात की, किती वेळ झाला त्याचे.”

“कुठे?”

तिने बोट ठेवून दाखवलं. सरांनी चष्मा पुसून पाहिलं. होते खरे, मुंगीएवढे. मग वही ओढून दुसऱ्या थांब्यापुढची पाच मिनिटं त्यांनी खोडली आणि लाल शाईने लिहिलं: आवाज बंद. मागच्या बाकापासून सुरुवात.