जीपच्या पोटातली कट्कट आणि देवजीकाका

देवजीकाकांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या अंकात असे काही लिहू नकोस, चांगले चांगले लिही, असे मला सांगण्यात आले. मी म्हटले, भांडणच चांगले होते. तेच लिहिणार. गोड गोड पाहिजे असेल तर दुसरीला सांगा.

मी नरपडची. मासळी विकते. पहाटे डहाणूला मासळी उचलायची, बर्फात घालायची आणि आमच्या जुन्या जीपमधून तलासरीच्या बाजाराला न्यायची. उरली तर पुढे झरीपर्यंत. जीप मीच चालवते. आमच्या आळीतल्या आणखी तिघी आपापल्या टोपल्या घेऊन माझ्यासोबत असतात. जीप नव्हती तेव्हा आम्ही टेम्पोवाल्यांच्या मागे मागे फिरायचो. कुणी वास येतो म्हणून नाक मुरडायचा, कुणाला चिकूचा माल मिळाला की आम्हाला टोपल्यांसकट रस्त्यात उतरवायचा. जीप आली आणि हे सगळे संपले. म्हणून जीप बिघडली तेव्हा माझा जीव अर्धा झाला.

गाडी जागची हलवली की खालून टण्ण करायची. हळू चालली की कट्-कट्-कट्. जोरात पळवली की बसलेल्या बायकांचे दात वाजायचे. एका गॅरेजवाल्याने नुसते ऐकून सांगितले, गिअरबॉक्स गेला. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, तेवढेच पाहिजे होते. गाडी त्यांच्या नावावर. ते म्हणाले, "म्हातारी झाली ती. रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

बाजाराच्या दिवशी कुणीतरी मला देवजीकाकांचे नाव सांगितले. तलासरीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड आहे. मी जीप तशीच वाजवत आत घातली. काका चहा पीत होते.

"काका, गिअरबॉक्स खोला. लवकर. माझी मासळी उन्हात आहे."

"गिअरबॉक्स कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"मग सगळ्यांकडेच जा. माझ्याकडे कशाला आली?"

"रविवारी ही भंगारात जाणार आहे आणि तुम्ही चहा पिताय!"

"बाय, दुखतंय गाडीला आणि ओरडतेस तू. जरा तिला बोलू दे. तू गप बस."

मला गप बस म्हणणारा माणूस तलासरीच्या बाजारात अजून जन्मला नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांच्या घरच्या जमनाकाकू बाहेर आल्या. त्यांनी आमच्या टोपल्या सावलीत उतरवून घेतल्या आणि वर ओली गोणपाटे टाकली. आता घाईचे कारणच उरले नाही. तिघींना तिथे बसवून मी काकांना घेऊन जीप बाहेर काढली.

काका पुढे बसलेच नाहीत. मागे जिथे टोपल्या असतात तिथे आडवे झाले आणि तळाच्या पत्र्याला कान लावला.

"चालव."

"तुम्हीच चालवा ना. तुम्हाला कळतं."

"मी चालवली तर माझ्यासारखी वाजेल. तू रोज चालवतेस तशी चालव. आदळायची तिथे आदळ."

झरीच्या रस्त्याला लागलो. मागून काका ओरडायला लागले. "क्लच दाब!" दाबला. कट्कट चालूच. उतार आला. "न्यूट्रल कर! जाऊ दे तशीच!" इंजिन शांत, जीप आपोआप घरंगळते आहे आणि खाली कट्-कट्-कट्. काका जाळ्यात घोळ मासा लागल्यासारखे ओरडले, "ऐकलंस? ऐकलंस ना? इंजिन झोपलं तरी ही बोलतेच आहे! इंजिन नाय!"

मग सपाटीवर, "तिसऱ्यात टाक. आता चौथ्यात. स्पीड तेवढाच ठेव, वाढवू नको!" गिअर बदलला, कट्कट तीच, त्याच चालीने. "गिअरबॉक्स नाय! त्याच्या मागे आहे चोर!" मग एका मोकळ्या मैदानात जीप डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली. दोन्हीकडे आवाज सारखाच. "चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला जास्त रडलं असतं. चाक पण निर्दोष सुटलं!"

काय सांगू, मला मासळीची आठवणही राहिली नाही. एकेक वस्तू अशी निर्दोष सुटत चालली होती आणि मी पुढच्या हुकमाची वाट बघत होते. इतकी वर्षे मी गाडी चालवत होते, पण ती अशी टप्प्याटप्प्याने विचारता येते हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

शेडमध्ये परत आल्यावर काका गोणपाट टाकून गाडीखाली सरकले.

"ये खाली."

"साडी आहे माझी."

"मग साडीसकट ये. गाडी तुझी आहे ना?"

गेले. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या सांध्यात लोखंडाचा क्रॉस असतो. काकांनी शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला. टण्ण! तोच आवाज, माझ्या नाकासमोर. सांध्याभोवती गंजाची लाल भुकटी, मिरची सांडल्यासारखी. आजूबाजूला पांढरे मीठ. आणि तेवढ्यात वरून काकांच्या कपाळावर एक थेंब पडला. त्यांनी बोटाने पुसला, जिभेला लावला आणि खो खो हसत सुटले.

"खारं! बाय, हे भोक कोणी पाडलं?"

आता भोकाचे सांगते. आमच्याकडे मासळीसाठी गाडी घेतली की नारळ फोडायच्या आधी मागच्या पत्र्याला भोक पाडतात. बर्फाचे पाणी जायला पाहिजे ना! पत्रा मध्येच दबलेला असतो, पाणी तिथे साठते, म्हणून भोकही मध्येच. त्याच्या बरोबर खाली शाफ्टचा सांधा येतो हे नरपडात आजवर कुणी वाकून पाहिले नव्हते.

"रोज खाऱ्या पाण्याने आंघोळ घालतेस तिला," काका म्हणाले, "सांधे धरणार नायतर काय करणार?"

त्यांनी क्रॉस बदलला. भोक बुजवून टाकले असते तर मी पुन्हा भांडले असते. पण काका म्हणाले, पाणी तर गेलंच पाहिजे, तुझा धंदा आहे तो. त्यांनी भोकाला खालून रबरी पाइप जोडला आणि पार मागे, सगळे सांधे चुकवून बाहेर काढला. माणसाच्या कामाशी गाडीने जुळवून घ्यायचे, ही त्यांची रीत मी त्या दिवशी पाहिली.

गाडी गप्प झाली, पण मालक कुठे गप्प बसणार? "चार दिवस चालेल, परत वाजेल," म्हणाले. रविवारी भंगारवाला आला आणि जीपभोवती फिरून टायर लाथाडायला लागला. तेवढ्यात मोटारसायकलवरून देवजीकाका हजर! मी बोलावले नव्हते. शेडमध्ये मी रागाने रविवार रविवार करत होते, ते त्यांनी लक्षात ठेवले होते.

"भाऊ, बसा," काका मालकांना म्हणाले. "एक फेरी मारा. बायला चालवू द्या. आवाज आला तर मीच ढकलत भंगारात नेतो."

मालक बसले. डहाणूच्या रस्त्याला पार लांब जाऊन आलो. परत येईपर्यंत ते कान देऊन ऐकत होते, कट्कट कुठेच नव्हती. मग खाली उतरून भंगारवाल्याला म्हणाले, "आलायस तर चहा घेऊन जा."

मी तिथल्या तिथे रडले. लिहायला लाज कसली?

काका मात्र तोवर आमच्या आळीत शिरले होते. एकेका गाडीखाली वाकून बघत होते आणि लहान पोरासारखे ओरडत होते, "हिला पण भोक! हिला पण! अरे, अख्ख्या गावाला संधिवात!" त्या दिवशी जेवायलाही ते उशिराच बसले. पुढे नरपडच्या जेवढ्या गाड्या तलासरीला गेल्या, तेवढ्या पाइप लावून परत आल्या.

काका गर्विष्ठ आहेत असे काही जण म्हणतात. आहेतच. आवाज ओळखला की सगळ्या रस्त्याला सांगतात. पण चुकले तर तेही तेवढ्याच मोठ्याने सांगतात. घोलवडच्या एका चिकूच्या टेम्पोची घुंई त्यांनी मागच्या चाकांमधल्या गिअरची ठरवली. नंतर टेम्पो सिमेंटच्या रस्त्यावर गेला आणि घुंईचा सूरच बदलला, म्हणजे आवाज टायरचा होता. काकांनी दुसऱ्या दिवशी येईल त्याला सांगितले, "काल मी गाढव झालो, बसा, ऐका कसा झालो ते." असा माणूस मला आवडतो. चूक लपवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता काकांचे गुडघे दुखतात, गाडीखाली सरकता येत नाही. शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि आम्हाला गाडी पुढे-मागे करायला लावतात. आम्ही बायका गेलो की आधी विचारतात, "तुला काय वाटतं?" चुकीचे सांगितले की शिव्या घालतात. बरोबर सांगितले की जमनाकाकूंना हाक मारतात, "चहा टाक, मासळीवाली शिकली!" माझ्या वाटणीला शिव्या जास्त आल्या, पण तो चहाही मी प्यायले आहे.

काका, तुमच्या पंचाहत्तरीला हार, शाल देणारे पुष्कळ येतील. मला भाषण येत नाही. आमचे मालक अधूनमधून अजून नव्या गाडीचे बोलतात. मी ऐकत नाही. जीप मी विकणार नाही, ती आणखी म्हातारी होणार आणि नवे नवे आवाज काढणार, हे नक्की आहे. तेव्हा तुम्हाला धडधाकट राहावेच लागेल. गुडघ्यांचे औषध वेळेवर घ्या, जमनाकाकूंचे ऐका, शंभरी गाठा आणि त्या खुर्चीवरून आमच्यावर असेच ओरडत राहा. आम्ही येतोच आहोत.