मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

सुजाता गेल्याचं मला तिच्या आईच्या फोनवरून कळलं. सोमवारची सकाळ होती, मी शाळेत निघायच्या गडबडीत डबा भरत होते. आईंनी विचारलं, "पोचली का गं राती नीट?" मी म्हटलं, "पोचले आई. आज शाळा सुटली की परत येतेच, सुजाताला सांगा." त्या अगदी साध्या स्वरात म्हणाल्या, "सावकाश ये बाई. आता घाई न्हाई कशाची..."

मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला, आणि मग हातातलं सगळं तिथंच सोडून मी खाली बसले.

जामखेडच्या स्टँडवर ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना सुजाता झेरॉक्सच्या दुकानातली ताई म्हणून माहीत होती. तालुक्याबाहेर तिची ओळख 'मंगी'ची ताई अशी होती. मंगी म्हणजे तिनं लिहिलेल्या चित्रकथांमधली ऊसतोड कामगारांची पोर. गोष्टी ती लिहायची, चित्रं मी काढायची. मी इथल्याच शाळेत चित्रकला शिकवते. एकदा प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला तिच्या दुकानात गेले होते. माझ्या वहीतलं बैलाचं चित्र बघून ती म्हणाली, "बाई, हा बैल दमलेला आहे ते दिसतंय. मला असा माणूस काढून द्याल?" पुढच्या आठवड्यात 'बाई'ची 'कल्पना' झाली, आणि महिन्याभरात 'कल्पे'.

तिचं गाव खर्डा. आईवडील दोघंही कोयत्यावर जायचे, म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्याच्या भागात. सुजाताचं बालपण उसाच्या फडाशेजारच्या कोपीत गेलं. पाचटाची, वाकून आत शिरावं लागणारी ती झोपडी तिनं मला कितीदा तरी कागदावर काढून दाखवली, कारण मी काढलेली तिला पटायचीच नाही. "इतकी उंच नसते गं. आई आत उभी राहिली की छपराला डोकं लागायचं." अर्धं वर्ष गावात, अर्धं फडावर, त्यामुळे अक्षरं उशिरा आली. पण त्याआधी एकदा भेळेच्या पुडीतून वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीचा एक रंगीत तुकडा तिच्या हाती लागला. त्यात चित्रकथेच्या चारपाच चौकटी होत्या. माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले, फुग्यात काहीतरी लिहिलेलं. ते वाचता येत नव्हतं म्हणून तिनं आपल्या मनानंच त्यात बोलणं भरलं, आणि कोपीतल्या बाकीच्या पोरांना ती गोष्ट रोज नवी करून सांगितली. "मी लेखिका आधी झाले आणि साक्षर नंतर," असं ती हसत म्हणायची. पुढे वसतिगृहात राहून शिकली, बीए झाली, दुकान टाकलं, आणि आईवडिलांचा कोयता सुटला. वडील मात्र त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

त्या दुकानाच्या दाराला तिनं एक पांढरा फळा टांगला होता. दर शुक्रवारी सकाळी ती तो पुसून नव्यानं लिहायची. डाव्या बाजूला 'नवीन आलं', त्याखाली मंगीचा पुढचा भाग कधी येणार, कुठं मिळणार. उजव्या बाजूला 'हे बघा', त्याखाली त्या आठवड्यात तिनं नगरला जाऊन बघितलेले सिनेमे. एसटीची वाट बघणारी माणसं तो फळा वर्तमानपत्रासारखी वाचायची. तिची शिफारस दोन ओळींची असे, पण त्या दोन ओळींनी माणूस तिकीट काढी, नाहीतर घरी जाई. एका गाजलेल्या हाणामारीच्या सिनेमाबद्दल तिनं लिहिलं होतं, 'नायक सगळ्यांना मारतो. का मारतो ते शेवटपर्यंत त्यालाही कळत नाही. सोबत झोपाळू माणूस असेल तर त्याला न्या, गार हवेत चांगली झोप लागते.' खर्डा लायनीवरचा एक जीपवाला दुकानात येऊन भांडला होता. "ताई, मी पोरास्नी घेऊन निघाल्तो, तुमचं वाचून बायकू म्हनती घरीच चला! लई वाईट केलं तुमी." सुजातानं त्याला चहा पाजला आणि दुसरा एक सिनेमा सांगितला. आठ दिवसांनी तो परत आला, दारातूनच म्हणाला, "ह्यो बरा हुता. पर ताई, रडवलं ना राव..."

तो फळा पुढे मोबाईलवर गेला. शनिवारी सकाळी ती मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची, आणि ते कुठून कुठं जायचं कुणास ठाऊक. सिनेमा ती दोनदा बघायची. एकदा सगळ्यांसारखा, आणि पुढे तो मोबाईलवर आला की आवाज बंद करून. "आवाज नसताना कळला तर तो सिनेमा," ती म्हणायची, "आणि फुगे झाकून कळली तर ती चित्रकथा." माझ्या चित्रांची परीक्षाही ती तशीच घ्यायची. संवादांवर तळहात ठेवायची, पान बघायची, आणि मला त्या तळहाताची भीती वाटायची.

पहिल्या भागाच्या वेळी पुण्याच्या एका प्रकाशकांनी आम्हाला बोलावलं होतं. चित्रं आवडली, गोष्ट आवडली. फक्त मंगीच्या तोंडचं 'हाय', 'न्हाई' बदलून 'आहे', 'नाही' करावं, म्हणजे सगळीकडच्या मुलांना वाचता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस भला होता, बोलणं तळमळीचं होतं. मी तर मनातल्या मनात मुखपृष्ठ रंगवायलाही घेतलं होतं. सुजाता शांतपणे म्हणाली, "सर, मंगी 'आहे' म्हणाली तर कोपीतली पोरं म्हणतील, ही आपल्यातली न्हाई. मग मी हे लिहिलं कुणासाठी?" परतीच्या एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. नगर आलं तेव्हा तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही. तू बरोबर होतीस म्हणून गप्प आहे." मग आम्हीच छापलं, तिच्याच दुकानात, काळ्या-पांढऱ्यात, मधोमध पिना मारून.

प्रकाशनाला तिला सभागृह नको असायचं. तिसरा भाग आला तेव्हा ती मला पाथर्डीला घेऊन गेली. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं रस्त्याकडेला सामान भरत होती. ट्रॉलीत पेट्या, चुली, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर चढून बसलेली पोरं. सुजाता प्रत्येक ट्रॉलीपाशी जाऊन हात वर करून पुस्तकं देत होती. एका बाईनं पान उलटून बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली, "आवं बघा की, ह्येच्यात आपली कोपी हाय!" तिच्या शेजारची मुलगी पुस्तक तिथंच वाचून मोकळी झाली. ट्रॅक्टर सुरू झाला तशी ती ओरडली, "ताई, मंगी साळंत जाती का न्हाई फुडं?"

ट्रॉली लांब गेली, धूळ बसली... जीपमध्ये बसल्यावर सुजाता म्हणाली, "हो म्हणाले असते तर खोटं, न्हाई म्हणाले असते तर पाप. काय करू गं?"

त्या प्रश्नावर ती पुढचा भाग लिहायला बसली आणि त्याच सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. पित्त आहे म्हणून गोळ्या चघळत तिनं बरेच महिने काढले. पोटात गाठ आहे, आणि ती साधी नाही, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. नगरला उपचार सुरू झाले. सुरुवातीला ती सकाळीच जाऊन आधी सिनेमा बघायची आणि मग दवाखान्यात भरती व्हायची. डोक्याला रुमाल बांधून, सलाईनच्या खाटेवरून शनिवारची शिफारस करायची. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. एकानं फक्त लिहिलं होतं, 'ताई, आवाज बसलाय, काढा घ्या.' ते वाचून ती खूप हसली. हसताना पोट धरलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मंगीचा शेवट तिनं तीनदा लिहिला, दोनदा फाडला. एकात मंगी शाळेत पहिली येत होती. दुसऱ्यात कुणी साहेब येऊन सगळ्या पोरांची व्यवस्था लावत होता. "हे मी गुंगीत लिहिलं असणार," ती म्हणाली. उरला तो शेवट असा, की मंगी आत्याकडे गावात राहते, शाळेत जाते, आणि आईबापाची ट्रॉली तिला सोडून निघून जाते. मी वाचलं आणि म्हटलं, "सुजे, शाळा मिळाली तरी हे दुःखाचंच झालं."

"मग? शाळा मिळते तेव्हा आई जाते फडावर. मला वसतिगृहात सोडून आई गेली होती ना, तसंच काढ."

मी मंगीला रडताना काढलं. तिनं तळहात ठेवायच्या आधीच मान हलवली. "चेहरा नको. पाठ दाखव. दप्तर दाखव. आणि ट्रॉली लहान, अगदी लहान." ते पान मी पुन्हा काढलं. ती त्या दप्तराच्या पट्ट्यावरून नुसतं बोट फिरवत राहिली. छापील पुस्तक तिनं हातात घेतलं, एवढं समाधान मला मिळालं. पाथर्डीला ते वाटायला मात्र मी एकटी गेले. ती विचारणारी मुलगी सापडते का ते बघत सगळ्या ट्रॉल्यांपाशी फिरले. नाही दिसली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. खर्ड्याच्या घरात पुढच्या खोलीत तिची खाट होती. त्या शुक्रवारी एक सिनेमा लागला होता, त्याची ती कितीतरी महिने वाट बघत होती. आता उठून बसवत नव्हतं. मला म्हणाली, "कल्पे, तू जा. बघून ये आणि मला सांग. सगळं सांग हां, चौकट न् चौकट." रविवारी सकाळचा खेळ बघून मी नगरहून निघाले. वाटभर पहिल्यापासून सगळं आठवत होते, परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी. दिवेलागणीच्या आत खर्ड्यात पोचले. आई उंबऱ्याशी बसून गहू निवडत होत्या.

"पहिली चौकट?" सुजातानं खाटेवरून डोळे मिटूनच विचारलं.

मी सांगत गेले. एक बाई आहे, तिचा धाकटा भाऊ घरातून निघून गेलाय. त्याचा फोटो घेऊन ती गावोगाव फिरते. ढाब्यांवर, कारखान्यांवर, धर्मशाळांत विचारते. सुजाता मध्येच थांबवायची. "तेव्हा उजेड कुठून येतो? तिच्या हातात पिशवी आहे का?" जे आठवत होतं ते मी सांगितलं, आठवत नव्हतं तिथं नाही म्हणाले. ती बाई एका वीटभट्टीवर पोचते आणि तिथला मुकादम फोटो बघून म्हणतो, हा तर कालपर्यंत इथंच होता... "इथं मध्यंतर," मी म्हटलं.

सुजातानं डोळे उघडले. खूप दिवसांनी त्यांत चमक होती. "झकास! बाकीचं उद्या. आज इथंच थांबू दे मला." आईंनी तिच्या ओठांना पाणी लावलं. मी शेवटच्या जीपनं जामखेडला आले. आणि सकाळी तो फोन.

जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, मंगीची पुस्तकं घेऊन पोरं आली होती. आई सगळ्यांना पाणी देत होत्या, जेवा म्हणत होत्या. सुजाता गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्याचीच भावकीला काळजी होती. दुपारनंतर माणसं पांगली. मी निघायला उठले तर आईंनी माझा हात धरला आणि खाली बसवलं.

"त्यो पिच्चर अर्दाच ऱ्हायला न्हवं? म्या बी ऐकत हुते. फुडचा सांग."

मला सांगता येईल असं वाटलं नव्हतं, पण सांगितला. वीटभट्टीवरून ती बाई दुसऱ्या भट्टीवर जाते, तिथून एका शहरात, तिथून नदीकाठच्या एका गावात. आई हुंकार देत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "घावला का गं त्यो?"

सापडला म्हणणं सोपं होतं. पण त्या घरात, त्या खाटेसमोर, मला तसं म्हणवेना.

"नाही आई. नाही सापडला. ती परत एसटीत बसते, तिथंच संपतो."

आई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पर तिनं हुडिकलं तर लई."

"लई हुडकलं, आई."

"आमी बी लई हुडिकलं गं..." त्या म्हणाल्या. "नगरचं दवाखानं केलं, पुन्याचं केलं, ज्यानं जे सांगितलं ते केलं... कुटं कुटं न्हाई हुडिकलं..."

आणि मग त्यांचा बांध फुटला. त्यांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारख्या मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.