तिकिटावरची मंडळी

मी प्रेमात पडलो तेव्हा माझा कायमचा पत्ता म्हणजे एक पाठपिशवी होती. शनिवारी कार्ल्सरूहेच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रार्थनासभा, रविवारी कधी एर्लांगेनला कुणा इंजिनियरच्या हॉलमध्ये, तर कधी येनाला उपासना, मधल्या दिवसांत ज्याचा सोफा रिकामा त्याच्याकडे मुक्काम. काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, सुवार्तिक आहे. प्रभूची वार्ता घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस. आमच्या नगरकडे जुने सुवार्तिक पेटी-तबला घेऊन बैलगाडीतून फिरत. मला जर्मनीतली साधी गाडी, रेगिओनालबान होती, एवढाच फरक.

आणि येनाला ती होती. प्रकाशाच्या किरणांवर पीएचडी करणारी, एका पाळकाची, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूची, मुलगी. उपासनेत ती पुढे बसून गायला लागली की मी उपदेशातलं वाक्य विसरायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. लोकांना वाटायचं, मी मुद्दा ठसवतोय. छे हो! मी नुसता तरंगत होतो.

घोडं अडलं ते तिच्या वडिलांपाशी. ते उन्हाळ्यात लेकीला भेटायला आले होते आणि त्या आठवड्यात एर्लांगेनला गाववाल्यांकडे उतरले होते. मी छाती पुढे काढून मागणी घातली. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक," पाळकसाहेब म्हणाले. "पण तुमची मंडळी कुठली?"

त्यांच्या हिशेबी देवाच्या माणसाला एक देऊळ असतं, ठरलेली माणसं असतात, ती त्याला आपला म्हणतात. माझं कोण होतं?

"रविवारी येनाला निघालाच आहात, तर मीही येतो," ते म्हणाले. "तुमचं काम बघतो. उत्तर तिथे पोचल्यावर."

आता माझं काम कसं चालायचं ते सांगतो. शनिवार-रविवारी तेव्हा एक मजेचं तिकीट मिळायचं. एका तिकिटावर पाच जणांनी साध्या गाड्यांनी दिवसभर हिंडावं. मी एकटा. मग मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून ओरडायचो, "येना! येना! जागा आहे!" लोक यायचे, फुकट बसायचे, आणि गाडी सुटली की मी तोंड उघडायचो. चालत्या गाडीतून पळणार कुठे?

त्या दिवशी आम्हाला केकचा डबा घेतलेल्या एक आजीबाई आणि दोन विद्यार्थी मिळाले. पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे येशूमागे नुसत्या भाकरी-मासळीसाठी जमलेला जमाव," ते म्हणाले. "आणि ते तिकीट इकडे द्या. प्रवासात तिकीट मोठ्या माणसाकडे असतं."

मी निमूटपणे दिलं. होऊ घातलेल्या सासऱ्याशी कोण वाद घालणार?

वाटेत एका जंक्शनवर आमची गाडी दुभंगायची. पुढचे डबे येनाच्या दिशेला, मागचे भलत्याच डोंगरात. मला हे झोपेतही पाठ होतं. पण तिथे पाय मोकळे करायला उतरलो, तर मागच्या डब्याच्या दारात एर्लांगेनचा एक इंजिनियर मित्र उभा.

"काय रे, सासरेबुवा बरोबर?" तो ओरडला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

हे ऐकून मला जे भरतं आलं! दोनच मिनिटं म्हणून आत शिरलो आणि ती काय म्हणाली, कशी हसली, तिचे पप्पा काय म्हणाले, सगळं सांगत सुटलो. दारं कधी लागली ते कळलंही नाही. खिडकीतून बघतो तर पुढचे डबे डावीकडे वळत होते, आणि त्यांत पाळकसाहेब. आमची गाडी उजवीकडे.

मित्राच्या तिकिटावर एक जागा होती म्हणून माझा श्वार्त्सफारर, म्हणजे विनातिकीट फुकट्या, झाला नाही, एवढीच कृपा. मी तिला मोबाइल लावला.

"तुझे पप्पा गाडीत आहेत."

"आणि तू?"

"दुसऱ्या गाडीत."

"अरे, गाडी एकच होती ना?"

"होती."

ती एवढी हसली, एवढी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी मात्र रडायच्या बेतात होतो. जर्मनचा एक शब्द न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी रस्त्यात सोडलं होतं. साल्फेल्डला त्यांना गाडीही बदलायची होती. आता कसली मुलगी आणि कसलं काय!

पुढच्या स्टेशनवर नवं तिकीट काढून उलटा फिरलो आणि उपासनेची वेळ टळून गेल्यावर येनाला उतरलो. त्या स्टेशनचं नाव पाराडीस, म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातला सुखलोक. मला ते नाव वाचवेना. पण प्लॅटफॉर्मवर बाकावर पाळकसाहेब केक खात बसले होते, आजीबाई त्यांच्या कोटावरचा चुरा झटकत होत्या, ते दोघे विद्यार्थी समोर जमिनीवर बसले होते, आणि ती डोळे पुसत हसत होती.

"सलाम," मी कसाबसा म्हणालो. "माझं चुकलं, साहेब."

"अहो, ऐका तर!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "तिकीटवाला आला. आमच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. मला काय कळणार? पण या तिघांनी मला धरलं आणि एका सुरात म्हणाले, गेनाऊ! गेनाऊ! म्हणजे अगदी बरोबर, हे आमचेच, असं ही सांगते. इतकी वर्षं पाळक आहे मी, माझ्या मंडळीने इतक्या एकमताने मला कधी आपला म्हटलं नाही. गाडी बदलतानाही या बाईंनी माझा दंड सोडला नाही. मला राहवेना. मी उभा राहिलो."

"उपदेश केलात?"

"नाही. तुमचं लग्न जाहीर केलं."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पाळक मंडळीपुढे दोघांची नावं वाचतो आणि विचारतो, कुणाची हरकत आहे का?

"पप्पा, यांना मराठी कुठे येतं?" ती म्हणाली.

"टाळ्या वाजवल्या त्यांनी! हरकत एकाचीही नाही." त्यांनी केकचा डबा माझ्यापुढे केला. "पहिला रविवार झाला. उरलेले दोन कुठल्या गाडीत ते तुम्ही ठरवा. मंडळी तुमची आहे."