पसरणारा थेंब

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझे दिवस काचेच्या छोट्या चौकोनी तुकड्यांत गेले. त्यांच्या एका बाजूवर डोळ्यांना न दिसणारा, वीज वाहून नेणारा थर असे. त्यावर सेंद्रिय रसायनांचे पातळ लेप देऊन आम्ही सौर सेल बनवायचो. पण लेपाआधी ती बाजू तयार करावी लागे: साबणाने, द्रावकांनी धुऊन अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवायची. पेटीच्या फटीतून जांभळी रेघ दिसे. झाकण उघडलं की फोटोकॉपीच्या दुकानात येतो तसा वास येई. दिव्याआधी काचेवर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राही, दिव्यानंतर तोच आडवा होत होत पसरून जाई. मी ते कितीतरी वेळ बघत बसे. आजूबाजूचे आवाज तेव्हा दूर जात.

मात्र माझे सेल चालत नव्हते. पहिल्या लेपाचा निळा द्रव काचेवर बेटांसारखा गोळा व्हायचा. तीन खेपा वाया गेल्या. सरांनी सांगितलं होतं, महिनाअखेर एकही सेल चालला नाही, तर प्रयोग सोडून ग्रंथालयात बसून प्रबंध लिहायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रयोगशाळा सुटली असती, तर ते घरी कसं सांगायचं, हेच मला कळत नव्हतं.

बाबांचं कांचघर नावाच्या वस्तीत फर्निचर पॉलिशचं दुकान. रविवारी ते एक दार घासत होते, मी डबा घेऊन गेले होते. काम कुठे अडलं, असं त्यांनी विचारलं, मी सगळी कृती सांगितली. दिव्यातून काढलेल्या काचा मी झाकून ठेवायचे आणि सर येईपर्यंत थांबायचे. कधी तास, कधी दीड तास. आमच्या घरी वडीलधारं माणूस आल्याशिवाय नव्या वहीवर रेघसुद्धा मारत नाहीत. मग इतकं मोठं काम सरांशिवाय कसं सुरू करणार?

बाबांचा हात थांबला.

"काहून थांबते पण? घासलेलं लाकूड असंच ठेवलं तर पॉलिश नीट धरत नाही. काच काय तुह्या सरची वाट पाहून राहिली काय?"

पुन्हा दार घासायला घेत ते हळूच म्हणाले, "पण सरले सांगून ठेव."

सोमवारी चाचरत सरांना सांगितलं, की तुमची वाट बघण्यात दिव्याचा परिणाम ओसरत असावा, आता मी थांबणार नाही. ते म्हणाले,

"मेरे लिए रुकती थी? बेटा, मैं तो नीचे चाय पी रहा होता था."

त्या दिवशी पेटी उघडली आणि लगेच काच लेप पसरवणाऱ्या फिरकीवर ठेवली. निळा थेंब पडला, कडेपर्यंत गेला. फिरकी थांबली तेव्हा काचेवर एकसारखी फिकट निळाई होती, कुठेही बेट नाही. तिसरी काच फिरत असताना सर आत आले. मी उठले नाही. तेही मागे उभे राहून बघू लागले.

आठवड्याच्या शेवटी सेल कृत्रिम उन्हाच्या दिव्याखाली ठेवले. न थांबता लेप दिलेल्या काचेची विजेची रेषा पडद्यावर फुगून वर गेली. तुलनेसाठी मुद्दाम अतिनील दिवा न दाखवलेल्या काचेची तिच्या बरीच खाली राहिली. सरांनी दोन्हींकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि माझा प्रयोग पुढे चालू ठेवण्याच्या फॉर्मवर सही केली. पुढच्या काचा कधी लावणार, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, धुऊन ठेवल्यात, आत्ताच लावते.