निळ्या चादरीवरची पांढरी साडी

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या साड्यांच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथलं निम्मं काम बोलण्याचं, निम्मं साडी अंथरण्याचं. जी खपवायची ती कधीच पहिली दाखवायची नाही. आधी दोन मळकट रंग, मग ती. बाई म्हणायची, "ही बरी वाटते." तिला वाटायचं, निवड आपली.

नव्वदच्या दशकात शेजारच्या ताई मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला आल्या. नाशिकरोडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. लग्न बौद्ध पद्धतीचं, नवरी पांढऱ्या साडीत. आमच्याकडचा पांढरा माल पडून पडून पिवळट झाला होता. शेठनी डोळ्यांनी खुणावलं. मी ट्यूबखाली गादीवर गडद निळी चादर पसरली, तिच्यावर ती साडी आणि अगदी चिकटून एक हळदी रंगाची. पिवळटपणा दिसेनासा झाला.

"भाऊ, जुना माल नाही ना?"

"घरच्या माणसाला देईन का तसला?"

लग्नात उन्हामध्ये, नवरदेवाच्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांशेजारी ती साडी कळकट दिसली. सासरची एक बाई म्हणाली, "वापरलेली नेसवली का काय?" मुलीचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण साडीतलं कळणारा मीच. मी म्हणालो, "पेटीत ओल लागली असेल."

सगळ्यांना पटलं. तेव्हापासून मुलगी माहेरी आली की कशावरून तरी तिथंच यायची. "लग्नाची एक साडी तुला नीट ठेवता आली नाही!" भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी रेडिओ मोठा करायचो.

दोन हजार साल उलटल्यावर दुकान बंद झालं. घरी बसून ते ऐकणं मला झेपेना. एका दुपारी मुलगी आलेली असताना गेलो आणि सगळं सांगितलं.

ती हसली. "काका, आईची बाजू घ्यायला किती खोटं बोलाल?"

साडी तिनं सासरी नेलीच नव्हती. मी ताईंकडून ती मागून घेतली. पडदा ओढला, ट्यूब लावली. पलंगावरच्या निळ्या चादरीवर साडी पसरली, शेजारी दोरीवरचा पिवळाजर्द टॉवेल. हातांना सवय होती. साडी तिच्या डोळ्यांदेखत उजळली. मग मी टॉवेल काढला, पडदा सारला. पुन्हा तीच कळा.

मुलीनं साडी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. मग आईला म्हणाली, "पेटीत ठेवलीच नव्हती, असं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ताई साडीची घडी घालत म्हणाल्या. "तुम्ही भाऊंचं ऐकलंत."