अडलेली फेरी

कुणाला ताटकळत ठेवणं सिनिक्काला जमायचंच नाही. दुकानात मागे कुणी उभं असलं, तर ती सामान पिशवीत भरायच्या आधीच बाजूला सरकायची. काजानी गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी मनगटावरचं बटण दाबलं, की मदत केंद्रात घंटा वाजते आणि त्या बटणातूनच बोलताही येतं. ती घंटा वाजवणारा प्रोग्राम तिने लिहिलेला. त्या प्रोग्रामच्या आत काम करणारा जणू एकच गडी. तो सारखी फेरी मारत असतो. रांगेत काही आलं असेल तर करतो, मग पुढचं घेतो. वेळखाऊ काम दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवतो, "झालं की सांग" म्हणतो आणि फेरी चालूच ठेवतो. तो एका जागी बसला, की मागचं सगळं खोळंबतं.

"त्याला बसायला खुर्ची देऊ नका," असं ती नव्या लोकांना बजावायची.

शुक्रवारी तिनेच ती दिली. आठवडाभराच्या नोंदी आवळून साठवायचं काम दुसऱ्यावर सोपवायला हवं होतं. घरी जायच्या घाईत तिने ते फेरीतच घातलं. चाचणीच्या चिमुकल्या फाइलवर पापणी लवायच्या आत झालंही.

शनिवारी दुपारी ती केंद्रात आली, तेव्हा तिथे हाका घेणारा ताइस्तो कॉफी ओतत म्हणाला, "आज म्हातारे भलतेच गुणी झालेत. एक घंटा नाही!"

सिनिक्काने झटकन मान वर केली. शनिवारी, सगळे सौनात वाफेच्या अंघोळीला जायच्या वेळी, आणि एकही घंटा नाही? तिची आई आउने गावाबाहेर एकटी राहायची आणि सौनाला याच वेळी जायची. सिनिक्काने तिला फोन लावला. वाजून वाजून थांबला.

पडद्यावर फेरी जागीच थिजली होती, आठवडाभराच्या खऱ्या नोंदी आवळत बसली होती.

"बंद करून परत चालू कर की," ताइस्तो म्हणाला.

"मग रांगेतल्या हाका पुसल्या जातील. कुणी दाबलं होतं तेसुद्धा कळणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"आईकडे गाडी पाठव," ती म्हणाली.

"पाठवतो गं. पण बाकीच्यांचं काय? कुणाकडे पाठवू?"

कॉफी निवून गेली. ती पडद्यावरून नजर हलवेना. मग नोंदी आवळून झाल्या, फेरी सुटली आणि घंटा एकावर एक कोसळू लागल्या. पहिली ताइस्तोने घेतली. दुसरी आउनेची होती.

"आई!"

"तू होय? मघापासून दाबतेय मी. सौनाच्या पायरीवर घसरले, उठता येईना. झोपलात की काय सगळे?"

"गाडी निघालीय, आई."

"मग तोवर बोलत बस ना माझ्याशी. थंडी वाजतेय गं."

पुढचं नाव लुकलुकत होतं. त्याच्याखाली आणखी नावं होती. सिनिक्काला वाटलं, जगबुडी आली तरी ही लाइन सोडू नये.

"पांघरायला काहीतरी ओढून घे, आई. गाडी आली की मला सांग," ती कशीबशी म्हणाली आणि पुढची हाक घेतली.

"मदत केंद्र. ऐकू येतंय का? हॅलो?"

पलीकडून नुसता नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.