मामांच्या फोटोला कोणती चौकट?

डोंगरकड्याच्या फाट्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशिनीतून निघतं. धंदा वाढवायचा तर गिऱ्हाइकाला सारखं काहीतरी विचारत राहावं, असं मोबाइलवरच्या व्हिडिओत एक कोटवाला सांगत होता. मला पटलं. मला कोटवाल्यांचं सगळंच पटतं.

गिऱ्हाइकांचा ग्रुप होताच. त्यावर पोल टाकायला लागलो. 'वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वाघ हवा की सिंह?' चार-पाच जण दाबायचे. त्यात एक मी, आणि बायकोच्या फोनवरून पुन्हा मीच.

मग डोकं चाललं. श्रद्धांजलीसाठी तीन चौकटी केल्या : निळं आभाळ, झेंडूचा हार, समई. लोकांना विचारायचं, कोणती बरी दिसते? आता नमुन्याला चेहरा पाहिजे. गेलेल्या माणसाचा वापरावा तर घरचे मारायला येतील. म्हणून मी हुशारी केली, जिवंत माणूस घेतला. दुकानासमोर केळीचा गाडा लावणारे म्हातारे, सगळा फाटा त्यांना मामा म्हणतो. बँकेसाठी मीच त्यांचा फोटो काढला होता. चेहरा शांत, टोपी सरळ. फोनही बटणांचा, म्हणजे त्यांना दिसायची भीती नाही. खाली कोपऱ्यात 'नमुना' असं लिहिलं. मोबाइलवर ते मुंगीएवढं दिसत होतं, हे नंतर कळलं.

पोल असा चालला की काय सांगू! फोन टणाटण वाजत होता. मी बायकोला म्हणालो, "बघ, लोक जोडले जाऊन राहिले." ती म्हणाली, "कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची बहीण, कुणाच्या तरी मोबाइलवर तो फोटो बघून, साखऱ्याहून जीप करून आली आणि रडतच उतरली. मामा कुणाला तरी डझनभर केळी मोजून देत होते. ती थबकली. डोळे फाडून पाहिलं आणि त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"मेल्या, जिता हायेस व्हय!"

"मंग काय करू?" मामा म्हणाले.

सगळा फाटा हसला. मीही हसलो, मशिनीच्या मागे लपून.

दुपारी मामा दुकानात आले. शिव्या बसायच्या आधीच मी स्टूल पुढे सरकवलं. ते बसले.

"भाच्या, कोण कोण दाबलं त्यांची नावं दिसतात म्हणं?"

"दिसतात, मामा."

"वाच."

मी वाचू लागलो.

"ह्यो कालच केळी घेऊन गेला की." पुढचं नाव. "ह्याच्या लग्नात मी वाढायला होतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एकानं तरी इचारलं का, म्हातारा कशानं गेला?"

मी ग्रुप वरून खाली पाहिला. कुणी विचारलं नव्हतं. एकानं फक्त लिहिलं होतं, समईत तेल दिसत नाही.

पुढचं नाव त्यांच्या मुलाचं होतं. तो पुण्याला कंपनीत असतो. दोस्तांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्याकडून करून घेतो, म्हणून ग्रुपवर. झेंडूच्या हारापुढे त्याची खूण होती. मी ते नाव गिळलं आणि त्याखालचं वाचलं.

"अन् आमचं पोरगं?"

"न्हाई, मामा. त्यानं पाह्यलं नसंल."

"मी तेच म्हणलं. पाह्यलं असतं तर पळत आला असता." ते उठले, दारात जाऊन वळले. "मंग त्याला इचार की, कोणती आवडती. लावणारा तर तोच हाय."

संध्याकाळी मी मामांच्या मुलाला फोन लावून त्या फोटोचं विचारलं.

"कोणता फोटो, दादा? पोल आला की दाबतो मी. ड्युटीवर असतो."

"एकदा उघडून बघ."

बराच वेळ पलीकडून नुसता मशिनींचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला.

पोल मी काढून टाकला. दाबणारे अजूनही समोरून केळी नेतात. मामा देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघतात, आणि माणूस पिशवी घेऊन असा निघतो, जणू केळी भुताच्या हातून घेतलीत.

"पोराचा रोज फोन येऊन राहिला," परवा मामा सांगत होते. "जेवले का म्हणतो, अन् गप ऱ्हातो. मीबी गप ऱ्हातो. काहून भेदरलाय, कळंना. तकलीफ असंल काही." मी मशीन पुसत राहिलो. "त्ये चौकटीचं इचारलं का त्याला?"

"इचारतो, मामा."

झेंडूच्या हारातले मामा अजून माझ्या कम्प्युटरमध्ये आहेत. पुसायला घेतलं की कम्प्युटर विचारतो, खरंच पुसायचं का? हो की नाही? गावभर पोल टाकणाऱ्या माझ्याच्यानं तेवढं एक दाबवत नाही.